पाहणीदाराची चाळीस पावलं

"नदी पायानं मोजायची, तोंडानं नाही."

थोरल्याचं हे ठरलेलं वाक्य. परिषदेच्या कचेरीत कुणी टेबलावर हात आपटला तरी हेच, रस्त्यात कुणी सायकल आडवी घालून भांडला तरी हेच. त्याची बायको गेली तेव्हा समजूत घालायला आलेल्यांपैकी एकाने दारातच बांधाचा विषय काढला, तर त्यालाही हेच ऐकवून त्याने दार लावून घेतलं. माणूस बोलायला महाचिक्कू. दिवसभरात जी चार वाक्यं बोलायचा, त्यातलं एक हे असायचं.

सगळ्यात जास्त वेळा ते ऐकलं त्याच्या धाकट्या भावाने. आणि सगळ्यात जास्त झोंबलंही त्यालाच.

थोरला परिषदेचा काठ-पाहणीदार होता. नदीकाठची पट्टी राखायची, हे त्याचं काम. त्या पट्टीत कुणी नांगर घालायचा नाही, माती उकरायची नाही, झाड तोडायचं नाही, गुरं बांधायची नाहीत. तिथे वाळुंजांच्या मुळांत पाणमांजरांची बिळं होती, दरडीच्या भोकांत खंड्याची घरटी होती, आणि लव्हाळं इतकं दाट होतं की पुराचं गढूळ पाणी त्यातून गाळूनच खाली जायचं. गावाच्या नळाला जे पाणी यायचं ते या पट्टीच्या जिवावर. हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि आपल्या शेतातली जमीन पाणमांजरांसाठी सोडणं वेगळं.

पट्टी किती रुंद, हे नियमात एका ओळीत लिहिलेलं होतं: भरल्या काठाच्या दगडापासून पाहणीदाराची चाळीस पावले. नियम आजोबांच्या काळातला. दर पुरात खुंट्या वाहून जायच्या, म्हणून पूर ओसरला की दरवर्षी नव्याने पावलं टाकायची आणि नव्या खुंट्या ठोकायच्या. काठ सरळ आणि घट्ट होता तो एकाच जागी, आता धाकट्याच्या वाट्याला आलेल्या शेतात. तो दगडही तिथेच. तिथे पावलं टाकायची आणि तिथून दोरी धरून काठाकाठाने खाली वीटभट्टीवाल्याच्या मातीच्या खड्ड्यापर्यंत खुंट्या मारत जायचं.

कचेरीत मोजायची फीत नव्हती असं नाही. दोन होत्या, कपाटात, कागदात गुंडाळलेल्या. पण फितीने मोजलं तर आकडा लिहावा लागला असता, आणि आकडा लिहिला की तो वरच्या कार्यालयाला वाचता आला असता. पावलांचं तसं नव्हतं. शिवाय आधीचा पाहणीदार होता बुटका आणि गरगरीत, पिंपाला पाय फुटावेत तसा. चाळीस पावलं टाकताना तो दोनदा बसून घाम पुसायचा. शेतकरी खूश, भट्टीवाल्याचा बाप खूश, परिषद खूश. पाणमांजरांना विचारायला कुणी गेलं नाही.

पुढे तो घरी बसला आणि त्याची जागा थोरल्याला मिळाली. परिषदेने त्याचं अक्षर पाहिलं, पाय पाहिले नाहीत.

थोरला उंचीने काही ताडमाड नव्हता, पण कमरेखाली सगळा पायच. ढांगा बापाकडून आलेल्या. तो चालायला लागला की बरोबरच्याला पळावं लागायचं. पोरांनी लहानपणीच त्याचं नाव ढांग्या ठेवलं होतं आणि ते गावाने पुढे चालवलं. एकटा धाकटा त्याला दादा म्हणायचा.

पहिल्या वर्षीच्या मोजणीला धाकट्याने शेतात खुर्ची नेऊन ठेवली होती. नवं लग्न झालेलं, अंगात जोर होता, जुन्या खुंटीपलीकडच्या जमिनीत त्याने कोबीचे तीन वाफे लावले होते आणि कोबी असा धरला होता की येणारा-जाणारा थांबून बघायचा. थोरला आला, खुर्चीवर बसला नाही. दगडाला टाच लावली आणि निघाला. तिसाव्या पावलाला जुन्या खुंटीचा खड्डा आला. थोरला थांबला नाही. एकतीस, बत्तीस करत तो वाफ्यांत शिरला.

"दादा, अरे तो कोबी आहे."

"दिसतंय."

"घरचं माणूस म्हणून तरी काही बघशील की नाही?"

"नदी पायानं मोजायची, तोंडानं नाही," थोरला म्हणाला आणि तिसऱ्या वाफ्याच्या पलीकडच्या कडेला त्याने खुंटी ठोकली.

दादा हा शब्द धाकट्याच्या तोंडून निघाला तो तेव्हा शेवटचा. त्यानंतर तीस वर्षं तो भावाला 'हा' म्हणायचा. फार राग आला तर 'परिषद'.

त्याच हिवाळ्यात घराची वाटणी झाली. बापाच्या दोन खोल्या होत्या, त्या कधी चार माणसांना पुरल्या होत्या, आता दोन भावांना पुरेनात. मधली भिंत धाकट्याने बांधली, दोन दिवसांत, रागाच्या भरात, एका विटेची. गवंडी म्हणाला, एवढी पातळ भिंत ठेवू नका, पलीकडचा खोकला इकडे ऐकू येईल. धाकटा म्हणाला, "खोकू दे. तेवढंच समाधान."

नियमात हरकतीची सोय होती. ज्याच्या शेतात पावलं पडतात त्याने, आणि फक्त त्यानेच, हरकत घेतली तर पाहणीदाराने तिथल्या तिथे पुन्हा मोजायचं, आणि दुसरी मोजणी ती खरी. धाकट्याने ओळीने अकरा वर्षं हरकत घेतली. अकरा वर्षं थोरला चकार शब्द न बोलता दगडापाशी परत गेला आणि पुन्हा चालत आला. अकराही वेळा टाच पहिल्या टाचेच्या खळग्यात पडली. बाराव्या वर्षी धाकट्याने हरकत घेणं सोडलं, पण हजर राहणं सोडलं नाही. पट्टीच्या शेवटाला जाऊन हाताची घडी घालून उभा राहायचा, भाऊ आपल्याकडे चालत येताना बघायचा, आणि मनातल्या मनात मोजायचा. एखादं वर्ष तरी चुकेल.

गाव काही मागे नव्हतं. खुंट्या उपटल्या गेल्या, थोरल्याच्या दारात चिखलाचे ढीग टाकले गेले, त्याची सायकल दोनदा नदीत सापडली. कचेरीत त्याला जिन्याखाली बसवलं होतं. टेबलाला तीनच पाय, चौथ्याच्या जागी विटा लावलेल्या, त्याही भट्टीवाल्याच्या छापाच्या. त्या टेबलावर बसून तो पाण्याची उंची, पाणमांजरांच्या पावलांचे ठसे, पडलेली झाडं यांची नोंद करायचा, आणि वरून कुणी ना कुणी जिना उतरताना मुद्दाम पाय आपटायचं, म्हणजे वहीवर धूळ पडेल.

भट्टीवाल्याने तर कमाल केली होती. बापामागे भट्टी त्याच्याकडे आली, परिषदेची जागाही आली, आणि ढांग्याचं काय करायचं हा प्रश्नही वारशात आला. एका वर्षी मोजणीच्या आदल्या दिवशी त्याने थोरल्याला नवे कोरे बूट भेट दिले. बूट चांगले होते, फक्त अर्ध्या नंबरने लहान. थोरल्याने ते घातले, लंगडत-लंगडत नदीवर आला, भट्टीवाला मिशीत हसत होता. दगडापाशी आल्यावर त्याने बूट काढले, नाड्या एकमेकींना बांधून वाळुंजाच्या फांदीला टांगले आणि अनवाणी चाळीस पावलं टाकली. ते बूट दोन पावसाळे तिथे लोंबत होते. एका वर्षी उजव्या बुटात चिमणीने घर केलं.

तीस वर्षं अशी गेली. मग नदीनेच हात दिला, असं गावाने मानलं.

पुराच्या दिवसांत थोरला खाली भट्टीवाल्याच्या खड्ड्याकडे गेला होता. खुंट्यांच्या आत शिरून कुणीतरी खालून माती काढली आहे, असा त्याला संशय होता. संशय खरा निघाला, कारण तो उभा होता तोच काठ खाली बसला. उजवा गुडघा दगडावर आपटून फुटला. दुपारपर्यंत तो चिखलात पडून होता.

"नदीनं मोजला त्याला," भट्टीवाला चहाच्या टपरीवर म्हणाला. "आणि तोंडानं मोजला. गिळायचाच बाकी ठेवला."

टपरी हसली. धाकटाही तिथे होता. तोही हसला, पण त्याचा चहा तसाच राहिला.

दोन महिन्यांनी थोरला दवाखान्यातून परत आला तो काठी घेऊन. गुडघा पुरता वाकेना. धाकट्याची बायको दोन्ही वेळचं जेवण पलीकडे नेऊन द्यायची. पहिल्या दिवशी तिने विचारलं होतं, "भाऊजींना डबा देऊ ना?"

"तुझं तू बघ," धाकटा म्हणाला. "माझं नाव घेऊ नकोस."

"तुमचं नाव घेतलं तर ते जेवायचे नाहीत," ती म्हणाली.

रोज पहाटे थोरला खोलीत चालायचा. भिंतीला टेकून बसलं की अलीकडे स्पष्ट ऐकू यायचं. तीस वर्षांत धाकट्याला हा आवाज पाठ झाला होता. दारापासून मागच्या खिडकीपर्यंत थोरल्याची पावलं पाच. कधीही पाच. आता धाकटा कान लावून मोजायचा. एक, दोन, तीन, मध्ये काठीची टक, चार, पाच, सहा, सात, आठ. मग परत आठ. सलग दहा दिवस त्याने मोजलं. आठच.

हे त्याने पोटात ठेवलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं. पण तीस वर्षं वाट पाहिलेल्या माणसाच्या पोटात काय राहतंय? त्याने भट्टीवाल्याला सांगितलं.

भट्टीवाला त्याच संध्याकाळी घरी आला. बूट बाहेर न काढता आत आला आणि भिंतीकडे बोट करून हळू आवाजात म्हणाला, "नक्की आठ?"

"दहा दिवस मोजलीत."

"म्हणजे पाचाची आठ." भट्टीवाल्याने बोटांवर हिशोब केला. "म्हणजे याची आताची चाळीस पावलं म्हणजे आधीची पंचवीस. अरे, त्या पिंपाची सुद्धा तीस भरायची. तुझे वाफे तर सुटलेच, वर आणखी पाच पावलं."

"आणि खाली तुझी माती सुटली."

"ती तर सुटलीच. पंचवीस पावलांवर माझा खड्डा आला की पुढच्या पुरात काठ आपोआप बसतो, आपण हात लावायची गरज नाही. पाणमांजरं काय, जातील दुसरीकडे. पाय आहेत त्यांना." तो धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवून उठला. "आणि खालची माती संपली की वर तुझ्याकडेच येणार की मी. तुझ्या शेताखाली काय पिवळी माती आहे, माहितेय ना?"

धाकट्याला ते वाक्य आवडलं नाही. पण त्या वेळी त्याच्या डोळ्यांपुढे कोबीचे तीन वाफे होते.

सभा परिषदेच्या वरच्या खोलीत झाली. लांब टेबल, त्यावरचा हिरवा कपडा शाईच्या डागांनी अर्धा काळा झालेला, एक पंखा फिरणारा आणि एक नुसता लटकणारा. धाकट्याला जमीनवाला म्हणून बोलावलं होतं, तो भिंतीजवळच्या बाकावर बसला. थोरला जिना चढून वर येईपर्यंत सगळे मजेत वाट बघत बसले. काठी, पाय, काठी, पाय.

"या," भट्टीवाला म्हणाला. "सावकाश या. नदी कुठे पळून जात नाही."

थोरल्याने अर्ज पुढे केला. गुडघा बरा होईपर्यंत मोजणी दोन महिने पुढे ढकलावी, असं त्यात लिहिलेलं होतं.

"नियमात पुढे ढकलणं नाही," भट्टीवाला म्हणाला. "तुम्हीच आम्हाला तीस वर्षं नियम शिकवलात. जमत नसेल तर राजीनामा द्या. आमच्याकडे माणूस तयार आहे."

माणूस म्हणजे भट्टीवाल्याचा भाचा. तो टेबलाशी उभा राहिला तर हनुवटी टेबलावर ठेवेल, असं लोक म्हणायचे. सगळे हसले.

थोरल्याने अर्ज घडी करून खिशात ठेवला. "मोजतो," म्हणाला.

मग भट्टीवाल्याने ठराव मांडला. दरवर्षी खुंट्या, दरवर्षी भांडणं, हे बस झालं. यंदाच्या पावलांवर दगडी खांब रोवायचे. कायमचे. पुढे कुणी मोजायचं नाही, कुणी हलवायचं नाही, पाहणीदार बदलला तरी नाही. ही पावलं शेवटची.

"दगडी?" थोरल्याने विचारलं.

"दगडी. कमरेएवढे."

"आणि पुन्हा मोजणी नाही? तुम्ही मागितली तरी नाही?"

"मी मागितली तरी नाही," भट्टीवाला म्हणाला. "का, भीती वाटते?"

थोरला कारकूनबाईंकडे वळला. या बाई वीस वर्षं परिषदेची वही लिहीत होत्या आणि वीस वर्षांत त्यांच्या चेहऱ्यावरची रेष हललेली कुणी पाहिली नव्हती. "बाई," तो म्हणाला, "हे शब्दाला शब्द लिहून घ्या. ते म्हणाले तसंच."

"तसंच लिहिलंय," बाई म्हणाल्या. "एकमताने."

धाकट्याला त्या क्षणी जरा चमत्कारिक वाटलं. हरलेला माणूस शब्दाला शब्द कशाला लिहून घेतो? पण पंखा घरघरत होता, लोक उठत होते, भट्टीवाला त्याच्या पाठीवर थाप मारून पुढे गेला. ते वाटणं तिथेच बाकावर राहिलं.

मोजणीच्या दिवशी सकाळी शेतात जत्रा जमावी तशी माणसं जमली. परिषदेचे सगळे सभासद, भट्टीवाला, त्याचा भाचा, वही घेऊन कारकूनबाई. बांधावर खांबांनी भरलेली गाडी उभी. एक खांब उतरवून आणि पहारी घेऊन चार गडी तयार. धाकटा नेहमीच्या जागी, म्हणजे पट्टीच्या शेवटाला, जाऊन उभा राहिला. या वेळी नेहमीपेक्षा पंधरा पावलं अलीकडे, तीस वर्षं गवताखाली गेलेल्या वाफ्यांच्याही अलीकडे. भाऊ इथेच येऊन थांबणार, हे त्याने मोजून ठेवलं होतं. त्याची बायको बांधावर पाण्याची कळशी घेऊन बसली होती.

थोरला काठी टेकत दगडापर्यंत गेला. तिथे पोचायलाच त्याला इतका वेळ लागला की कुणीतरी म्हणालं, जेवूनच यायला हवं होतं. त्याने टाच दगडाला लावली. मग काठी चिखलात उभी रोवली आणि सोडून दिली.

"काठीशिवाय?" भाच्याने विचारलं.

"पावलं पाहणीदाराची," कारकूनबाई म्हणाल्या. "काठीची नाहीत. हं, एक."

एक पडलं. दोन पडलं. तीन.

धाकट्याला मोजायची सवय होती, त्याने पायांकडे बघितलं. ती ढांग होती. बापाची ढांग, तीस वर्षांची ढांग, वीतभरही कमी नाही. उजवा पाय गुडघ्यात वाकत नव्हता, तो थोरल्याने कमरेतूनच फेकला, जसा विळा फेकतात, आणि तो फेकल्यावर जिथे पडायला हवा तिथेच पडला. चेहरा दगडासारखा. कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता, तो त्याने पुसला नाही. कारण पुसायला हात वर केला असता तर तोल गेला असता.

"दहा," कारकूनबाई म्हणाल्या.

हसणं थांबलं. नदीचं पाणी लव्हाळ्यातून जाताना आवाज करतं, तो ऐकू यायला लागला.

वीस. पंचवीस. पंचविसाव्या पावलाला थोरला धाकट्यासमोर आला. धाकटा वाटेत उभा होता. थोरला थांबला नाही, वळला नाही. धाकट्यालाच बाजूला व्हावं लागलं. बाजूला होता-होता त्याने बघितलं, भावाचा खालचा ओठ दातांखाली होता.

मग तोही मागोमाग चालू लागला. तीस. पिंपाच्या खुंटीची जागा. एकतीस, बत्तीस. चाळिसाव्या पावलाला थोरला जिथे थांबला तिथे गवतात गेल्या वर्षीच्या खुंटीचा कुजलेला बुडखा होता. टाच त्याला लागली.

थोरल्याचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. धाकटा त्याच्यापासून हातभर अंतरावर. बाकीचे अजून मागे होते. थोरल्याने तीस वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे मान वळवली आणि त्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "भिंत पातळ आहे आपली."

धाकट्याला कळायला एवढं पुरे होतं. दहा दिवसांची आठ-आठ पावलं, तो कान लावून बसलेला, आणि पलीकडचा माणूस त्याच्यासाठी चालत होता. तो भट्टीवाल्याकडे पळणार, भट्टीवाला हावरेपणाने दगडी खांब मागणार, सगळं आधीच मोजलेलं. त्याच्या कानशिलांना आग लागली. आपल्याच कानाने आपल्याला विकलं.

तेवढ्यात भट्टीवाला येऊन पोचला. तोंड त्याच्याच विटेसारखं लाल. "फेरमोजणी," तो म्हणाला. "मी मागतो."

"तुम्हाला मागता येत नाही," कारकूनबाईंनी वही उघडली. "मी मागितली तरी नाही, असं तुमचंच वाक्य लिहिलंय."

"ते पुढच्या वर्षांचं. आजचं वेगळं."

"आजची हरकत फक्त या शेताच्या मालकाची. पहिला खांब रोवेपर्यंत."

सगळे धाकट्याकडे वळले.

"बोल," भट्टीवाला म्हणाला. "पुन्हा मोजा म्हण. पुन्हा असा नाही चालू शकत तो. पाय बघ त्याचा."

धाकट्याने बघितलं. उजवा पाय वरपासून खालपर्यंत थरथरत होता, पीठ चाळताना चाळण थरथरते तसा. थोरल्याने नुसती दगडाकडे नजर लावली होती, चाळीस पावलं लांब. परत तिथपर्यंत जाणंच त्याला शक्य नव्हतं, मग तिथून चालत येणं दूरच. एक शब्द, आणि वाफे परत. एक शब्द, आणि भिंतीपलीकडे हा माणूस जन्मभर हरलेला.

आणि त्याच वेळी धाकट्याला दुसरी गोष्ट आठवली, जी आठवायला नको होती. शाळेची वाट. तो सहा वर्षांचा, थोरला अकराचा. सगळी पोरं ढांग्याच्या मागे धावायची आणि दमायची, पण धाकटा बरोबर असला की ढांग्या अर्ध्याच ढांगा टाकायचा, जमिनीला पाय घासत, मुद्दाम, म्हणजे धाकट्याला पळावं लागू नये. ती घासत टाकलेली छोटी पावलं. रोज जाताना, रोज येताना, चार वर्षं. भिंतीपलीकडे दहा दिवस वाजत होतं ते तेच पाऊल होतं. जगात ते ओळखू शकणारा माणूस एकच होता, आणि त्याने ते लंगडणं समजून बाजारात नेलं.

"अरे बोल ना," भट्टीवाल्याने त्याचं कोपर धरलं. "कशाला आणलंय तुला इथे?"

धाकट्याने कोपर सोडवून घेतलं.

"हरकत कशाची?" तो म्हणाला. "पावलं चाळीसच पडली. मी मोजली."

"शेवटी भाऊ तो भाऊच," भट्टीवाला थुंकला.

"भाऊ गेला खड्ड्यात. तुझ्याच खड्ड्यात गेला होता, पुरात, आठवतंय ना? मला मोजता येतं, एवढंच सांगतो. आणि तू माझ्या शेताखालची पिवळी माती मोजायला लागलास तेही मला मोजता येतं."

कारकूनबाईंनी लिहिलं. गड्यांनी पहारी उचलल्या आणि बुडख्याजवळ खड्डा घ्यायला सुरुवात केली.

थोरल्याने कुणाचा निरोप घेतला नाही. काठी पार पाण्याजवळ राहिली होती, ती आणा असंही तो म्हणाला नाही. तो काठाने जाणाऱ्या घराकडच्या पायवाटेला लागला, त्याच फेकलेल्या ढांगांनी, ताठ. सभासद खांबावरून वाद घालत होते, भट्टीवाला कारकूनबाईंच्या वहीत बोट घालून ओरडत होता की अजून खांब बसलेला नाही, अजून वेळ आहे. सगळ्यांच्या पाठी वाटेकडे होत्या.

एकटा धाकटा बघत होता. थोरला वाळुंजापर्यंत ढांगांनीच गेला. वाळुंजाशी त्याने खोडाला हात लावला, मग दोन्ही हात लावले, मग कपाळ. बराच वेळ तो तसाच होता. मग निघाला तो छोट्या-छोट्या पावलांनी, पाय घासत, अर्ध्याहून अर्ध्या. या वेळी मुद्दाम नाही.

"काय बघतोस रे तिकडे?" भट्टीवाला मागून आला.

धाकटा एक पाऊल बाजूला सरकला आणि वाटेच्या बरोबर मधोमध, भट्टीवाल्याच्या तोंडापुढे उभा राहिला. भावाला चार शिव्या द्यायच्या तर त्या आपण देऊ, त्याने मनात म्हटलं. याने का?

"काही नाही. कोबीला दुसरी जागा बघतोय."

मागे खांब खड्ड्यात धप्पकन उतरला आणि गडी त्याच्याभोवती माती ठोकू लागले. धाकट्याने मान वळवली नाही. तो मोजत होता, ओठ हलू न देता. लव्हाळ्याच्या वळणापर्यंत ब्याण्णव झाली. पुढे दिसेना. बांधावर त्याची बायको कळशी मांडीवर धरून बसली होती. तिने थोरल्याला जाताना पाहिलं, आणि त्याला बघत उभ्या राहिलेल्या आपल्या नवऱ्यालाही.